‘पहिल्या दिवशी काहीच होत नाही’: हलग्याच्या अधिवेशनाबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी मोबाइल गटांवर दरवर्षी एक संदेश फिरू लागतो. त्यातील मजकूर थोडक्यात असा: हलग्याच्या सुवर्ण विधान सौधात (बेळगावजवळच्या हलगा गावातील विधिमंडळाच्या इमारतीत) पहिल्या दिवशी श्रद्धांजली वाहून सभागृह उठते, काम काहीच होत नाही, राज्यपाल भाषणाला येत नाहीत, म्हणून हे अधिवेशन खरे अधिवेशनच नव्हे, तिथे मराठीत बोलायला घटनेचीच मनाई आहे, अधिवेशन बेळगावात भरू लागल्यापासून सीमाप्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयातील दावा संपल्यात जमा आहे, आणि समितीचा (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा) एकही आमदार आत नसल्याने तिथे आपले काही काम नाही, तेव्हा निवेदने देत फिरू नका.

हा संदेश मी बरीच वर्षे वाचून सोडून देत होतो. गेल्या खेपेस मात्र आमच्या शेजारच्या काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले एक निवेदन मला दाखवले. गावच्या मराठी शाळेत दोन वर्षे गणिताला शिक्षक नाही, एवढाच विषय होता. खाली चाळीसेक पालकांच्या सह्या आणि तीन अंगठे होते. ते निवेदन कुणाकडेही पोहोचले नव्हते, कारण मोबाइलवर हाच संदेश वाचून काकांनी हलग्याला जायचे रद्द केले होते. चुकीच्या माहितीने आपल्याच माणसाचे एवढे नुकसान होत असेल, तर तिला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मी स्वतः सीमालढ्याच्या बाजूचा आहे आणि या लेखातील एकही ओळ त्या लढ्याच्या विरोधात नाही.

पहिल्या दिवशी काम होत नाही, हे विधान सर्वांत जास्त पसरलेले आहे आणि त्यात खरे-खोटे सर्वांत जास्त मिसळलेले आहे. अधिवेशनाच्या पहिल्या बैठकीत दिवंगत सदस्यांना आणि सार्वजनिक जीवनातील मान्यवरांना आदरांजली वाहण्याची प्रथा सर्वच विधिमंडळांत आहे. विद्यमान सदस्याचे निधन झालेले असल्यास त्या दिवसाचे कामकाज तहकूब करण्याचाही प्रघात आहे. कन्नडमध्ये या शोकप्रस्तावाला ‘संताप सूचने’ म्हणतात. हा शब्द कन्नड वाहिन्यांच्या पट्टीवर दिसला की आपल्याकडील अनेकांना सभागृहात रागाचा उद्रेक झाला असे वाटते, कारण मराठीत संताप म्हणजे राग आणि कन्नडमध्ये तोच शब्द दुःखासाठी वापरतात. शब्द एकच असूनही अर्थ इतका दूर गेला आहे की, दोन्ही भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यालाही तो दरवर्षी चकवतो.

मात्र शोकप्रस्ताव हे पहिल्या दिवसाचे संपूर्ण काम नव्हे. सदस्यांना बोलावणारी घंटा वाजते आणि गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, भरल्यावर बैठक सुरू होते. घटनेच्या १८९ व्या अनुच्छेदाप्रमाणे ही गणसंख्या दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यांपैकी जी जास्त असेल ती धरतात. म्हणजे २२४ सदस्यांच्या विधानसभेत २३ आणि ७५ सदस्यांच्या विधान परिषदेत १०. शोकप्रस्तावानंतर सभागृहासमोर कागदपत्रे ठेवली जातात. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात अध्यादेश निघाला असेल, तर २१३ व्या अनुच्छेदानुसार तो दोन्ही सभागृहांपुढे मांडावा लागतो आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे उलटले की तो आपोआप रद्द होतो. ही मुदत पहिल्याच बैठकीपासून मोजली जाते. म्हणून ज्या दिवशी काहीच होत नाही असे संदेश सांगतो, त्याच दिवशी राज्यातील एखाद्या कायद्याचे आयुष्य मोजायला सुरुवात झालेली असते. पुढच्या दिवसांची वाटणी कामकाज सल्लागार समिती करते. कोणत्या विषयाला किती तास मिळणार आणि उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवरील चर्चा आठवड्याच्या सुरुवातीला होणार की शेवटच्या दोन दिवसांत उरकली जाणार, हे तिथे ठरते.

प्रश्नोत्तरांची गोष्ट तर आणखी आधी सुरू होते. ज्या तारांकित प्रश्नांना (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांना) कन्नडमध्ये ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ म्हणतात, त्यांची सूचना सदस्याला बऱ्याच दिवस आधी द्यावी लागते. त्यानंतर खात्याकडून माहिती मागवली जाते आणि मंत्र्याचे उत्तर तयार होते. आपल्या शाळेचा प्रश्न अधिवेशनात यावा असे वाटत असेल, तर तो आमदाराच्या हाती अधिवेशनाचे निमंत्रण निघताच पोहोचला पाहिजे. आपली मंडळी निवेदन घेऊन निघतात ती बहुधा पहिल्या दिवशी सकाळी आणि तेव्हा पहिल्या आठवड्याच्या प्रश्नांची यादी छापून झालेली असते. काम झाले नाही हा अनुभव त्यामुळे खरा असतो, पण त्याचे कारण संदेशात सांगितले आहे ते नसते.

पहिल्या दिवशी काम होत नाही याच्या पुराव्यादाखल संदेशात २०२४ सालचे उदाहरण दिलेले असते: ‘श्रद्धांजली झाली आणि सभागृह उठले.’ त्या वर्षी अधिवेशन ९ डिसेंबरला सुरू झाले. माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांचे निधन १० डिसेंबरच्या पहाटे झाले. आदरांजली वाहून सभागृह तहकूब झाले ते त्या दुसऱ्या दिवशी, आणि ११ डिसेंबरला राज्यात सुट्टी होती. कृष्णा हे २००४ ते २००८ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच. दुसऱ्या दिवसाचा प्रसंग पहिल्या दिवसावर घालून त्यातून कायमचा नियम काढणे योग्य नाही.

राज्यपालांच्या अभिभाषणाचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. १७६ वा अनुच्छेद हे अभिभाषण दोन वेळांसाठी सांगतो: सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी आणि प्रत्येक वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी. डिसेंबरातील अधिवेशन एरवी या दोहोंत बसत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही एरवी अभिभाषण नसते आणि त्यामुळे ते अपुरे ठरते असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. जागेबद्दल म्हणाल, तर १७४ वा अनुच्छेद राज्यपालांना योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी विधिमंडळ बोलावण्याचा अधिकार देतो. २००६ च्या सप्टेंबरात बेळगावात पहिले अधिवेशन झाले ते याच अधिकाराने. तेव्हा सुवर्ण विधान सौध बांधलेलेही नव्हते आणि बैठका केएलई या शिक्षणसंस्थेच्या आवारात झाल्या. हलग्याच्या इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले.

आता भाषेचा मुद्दा. या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण संदेशातील सर्वांत दुखावणारे वाक्य हेच आहे आणि ते चुकीचे आहे. घटनेच्या २१० व्या अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत किंवा हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. मात्र त्याच अनुच्छेदाला जोडलेल्या परंतुकानुसार, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या कलमानुसार, ज्या सदस्याला या भाषांपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला विधानसभेचे अध्यक्ष किंवा परिषदेचे सभापती मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. याला मनाई म्हणता येत नाही. मात्र हा बिनशर्त हक्कही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परवानगी पीठासीन अधिकाऱ्याच्या हाती आहे आणि जो सदस्य कन्नड उत्तम बोलतो, त्याला या परंतुकाचा आधार घेता येणार नाही. म्हणून ‘घटनेने मराठीवर बंदी घातली आहे’ हे जितके चूक आहे, तितकेच ‘आमच्या आमदाराने हवे तेव्हा मराठीत बोलावे’ हेही चूक आहे.

हा नियम आमदारांपुरता झाला. नागरिकांसाठी घटनेत वेगळी तरतूद आहे आणि ती आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची आहे. ३५० व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. इथे कुणाची परवानगी लागत नाही. काकांचे मराठी निवेदन, तीन अंगठ्यांसह, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देता येते. ‘हे कन्नडमध्ये लिहून आणा’ एवढे ऐकून परत फिरलेली माणसे मी एका कचेरीच्या दारात स्वतः पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही ३५० हा आकडा ठाऊक नव्हता. माझा सल्ला मात्र असा आहे की, मूळ निवेदन मराठीत ठेवावे, सोबत त्याचा कन्नड तर्जुमा जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तर्जुमा जोडल्याने हक्क कमी होत नाही, कागद मात्र लवकर पुढे सरकतो. कन्नडमध्ये निवेदनाला ‘मनवी’ म्हणतात; वर तो शब्द लिहिला तर टपाल घेणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

अधिवेशनामुळे सीमाप्रश्नाचा दावा संपला, या म्हणण्याला कायद्यात कुठेही आधार नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा १३१ व्या अनुच्छेदाखालील, म्हणजे राज्याराज्यांतील वादासाठी असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारातील आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे; विधिमंडळ कुठे बैठक घेते, यावर त्यातील काहीही अवलंबून नाही. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकाच्या सभागृहाने २२ तारखेला हलग्यात महाराष्ट्राला एक इंचही जमीन न देण्याचा ठराव केला आणि २७ तारखेला महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावे आपल्याकडे आणण्याचा ठराव नागपुरात केला. दोन्ही ठराव एकमताने झाले आणि दोहोंनंतरही सीमेची एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. अधिवेशन इथे भरवण्यामागे राजकीय हक्क सांगण्याचा हेतू आहे, हे मला मान्य आहे. २००६ पासून समिती पहिल्या दिवशी महामेळावा भरवून त्याला उत्तर देत आली, तेही त्यामुळेच. त्या महामेळाव्याला २०२२ मध्ये परवानगी नाकारण्यात आली आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली. तो अन्याय होता आणि त्याबद्दल लिहिलेच पाहिजे. मात्र सरकारने आपला हेतू दाखवला म्हणून न्यायालयातील दावा निकालात निघत नाही, आणि तो निघाला असे आपणच एकमेकांना सांगत राहिलो तर आपल्याच वकिलांच्या कष्टांवर पाणी पडते.

संदेशातील एक तक्रार मात्र मी खोडणार नाही. ही इमारत उरलेल्या वर्षात जवळपास ओस असते. २०२२ च्या उन्हाळ्यात तिच्या दर्शनी भागात वाळत घातलेल्या शेवयांचा फोटो राज्यभर पोहोचला आणि त्यापायी तिथे कामाला असलेल्या एका बाईची नोकरी गेली. एवढा पैसा खर्चून उभारलेल्या वास्तूत सरकारी खाती कायमची का हलवली जात नाहीत, हा प्रश्न कन्नड संघटनाही विचारतात आणि तो रास्त आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, समितीचा आमदार नसल्याचा. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार विधानसभेवर निवडून आला नाही, हे खरे आहे आणि त्याची कारणे आपल्या घरातच शोधावी लागतील. परंतु बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत आणि बेळगाव, खानापूर भागातून निवडून येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या आमदाराला मराठी मतांशिवाय गणित जमवता येत नाही. शिवाय आपण विधान परिषदेला नेहमी विसरतो. तिच्यातील एक तृतीयांश सदस्य, म्हणजे ७५ पैकी २५, स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडून देतात आणि त्यांपैकी दोन बेळगाव जिल्ह्यातून येतात. त्यांना मत देणाऱ्यांत ग्रामपंचायतींचे सदस्य असतात; खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील कित्येक पंचायतींत ते मराठी आहेत. ज्याला आपल्या पंचायत सदस्याने मत दिले आहे, त्याच्याकडे शाळेतील रिकाम्या जागेचा प्रश्न मांडण्याची मागणी करायला पक्ष किंवा भाषा आड येण्याचे कारण नाही.

आंदोलकांसाठी अधिवेशनाच्या काळात बस्तवाड आणि कोंडुसकोप भागात मंडप घालतात. रयत संघटना, अंगणवाडी सेविका, निरनिराळे समाज पहिल्या दिवसापासून तिथे बसलेले असतात. एखादा मंत्री किंवा त्याचा माणूस तिथे येऊन कागद घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातील एखादा विषय सभागृहात निघतो. मराठी शाळांच्या पालकांचा मंडप मी तिथे आजवर पाहिलेला नाही.

काकांच्या निवेदनाचा कन्नड तर्जुमा आम्ही परवा करून घेतला. आता त्याच्या चार प्रती आहेत: एक आमदारासाठी, दोन परिषदेच्या दोन सदस्यांसाठी आणि एक शिक्षण खात्याच्या कचेरीत देऊन पोच घेण्यासाठी. यंदा या प्रती अधिवेशनाची तारीख लागण्याआधीच जातील.