प्रतिक्रियेला उत्तर: मॉडेल की पूर्ण चिपचं स्पाइस?

नमस्कार. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल एकत्र असलेल्या चिपची पडताळणी मुख्यतः रिअल नंबर मॉडेलवर (अ‍ॅनालॉग ब्लॉकचं वागणं ट्रान्झिस्टरऐवजी साध्या आकड्यांत सांगणाऱ्या, झटपट चालणाऱ्या वर्णनावर) करावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा की मॉडेल म्हणजे डिझायनरची समजूत, ती तपासून सर्किट तपासलं जात नाही. आणि पूर्ण चिप ट्रान्झिस्टर पातळीवर स्पाइसमध्ये (सर्किटची समीकरणं सोडवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये) चालवल्याशिवाय टेपआउट करणं, म्हणजे डिझाइन कारखान्यात पाठवणं, बेजबाबदारपणाचं आहे. यातला पहिला भाग मला मान्य आहे, दुसरा नाही.

आधी हिशोब मांडू. २.४ गिगाहर्ट्झची पीएलएल (स्थिर वारंवारता तयार करणारं सर्किट) लॉक व्हायला, म्हणजे त्या वारंवारतेवर स्थिरावायला, ५० मायक्रोसेकंद लागतात असं धरा. म्हणजे १,२०,००० आवर्तनं. प्रत्येकी ३० टाइमस्टेप धरले तर ३६ लाख, आणि दर स्टेपला सगळ्या सर्किटची समीकरणं न्यूटन-राफसन या अंदाज सुधारत जाणाऱ्या पद्धतीने पुन्हा पुन्हा सोडवायची. इतकं करून एक मोड आणि एक सेटिंग तपासून होतं.

आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल सीमेवरच्या चुका लपतात त्या सेटिंगमध्येच. डिजिटलकडून येणारी ८ बिटांची ट्रिम बस (अ‍ॅनालॉग ब्लॉक बारीक जुळवण्याचा कोड नेणाऱ्या तारा) उलटी जोडली गेली आहे असं समजा. ० आणि २५५ हे कोड उलट क्रमानेही तेच राहतात! वेळ नाही म्हणून दोन टोकं तपासून थांबलेलं स्पाइस सिम्युलेशन इथे बिनबोभाट पास होईल. १२८ दिला की मात्र पलीकडे १ पोचतो. मॉडेल असेल तर सगळे २५६ कोड सहज फिरवता येतात. अट एकच: ब्लॉकांमधली वरच्या पातळीची जोडणी स्केमॅटिकमधून (सर्किटच्या आराखड्यातून) काढलेल्या नेटलिस्टचीच, म्हणजे जोडण्यांच्या यादीचीच, हवी, मॉडेल फक्त आतल्या ब्लॉकचं. ती जोडणी कोणी हाताने लिहिली असेल, तर तुमची टीका शब्दशः लागू पडते.

मॉडेलला लोडिंग (पुढचं सर्किट करंट ओढतं तेव्हा व्होल्टेजवर होणारा परिणाम) कळत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते एकच आकडा नेणाऱ्या साध्या रिअल पोर्टबद्दल खरं आहे. पण सिस्टिमव्हेरिलॉग या चिप-वर्णनाच्या भाषेच्या २०१२च्या आवृत्तीपासून स्वतःचा नेटटाइप (तारेचा प्रकार) बनवून एकाच नेटवर व्होल्टेज, करंट आणि रोध वाहून नेता येतात. उलट स्पाइस आणि डिजिटल एकत्र चालवणाऱ्या मिश्र सिम्युलेशनमधलं कनेक्ट मॉड्यूलही (डिजिटल ०-१ आणि व्होल्टेज यांच्यातला दुभाषा) फसवू शकतं. त्याला सगळीकडे १.८ व्होल्ट असा ठरीव पुरवठा दिला, तर विसरलेला लेव्हल शिफ्टर (वेगवेगळ्या पुरवठ्यांमध्ये सिग्नलचं व्होल्टेज बदलणारं सर्किट) कधीच दिसणार नाही.

मॉडेल मात्र सर्किटशी ताडून पाहिलंच पाहिजे. एकच टेस्टबेंच (चाचणीचा संच) मॉडेलवर आणि ट्रान्झिस्टरवर चालवायचा, दोन्हींची उत्तरं ठरलेल्या फरकाच्या आत बसायला हवीत, आणि स्केमॅटिक बदललं की हे पुन्हा. इथे टंगळमंगळ करणाऱ्या टीमने मॉडेलच्या भरवशावर टेपआउट करू नये, असंच मीही म्हणेन.

काही गोष्टींना ट्रान्झिस्टरच लागतात. बँडगॅपचं, म्हणजे स्थिर संदर्भ व्होल्टेज देणाऱ्या सर्किटचं, स्टार्टअप घ्या. त्या सर्किटला दोन स्थिर अवस्था असतात आणि त्यातली एक शून्य करंटची. मॉडेल ती दाखवणार नाही, पण स्पाइसचं डीसी उत्तरही बऱ्याचदा थेट चांगल्या अवस्थेवर जाऊन बसतं. म्हणून पुरवठा शून्यापासून वर चढवत, संथ आणि जलद अशा दोन्ही गतींनी, सगळ्या कॉर्नर्सवर (उत्पादनातला फरक, तापमान, व्होल्टेज यांच्या टोकाच्या स्थितींवर) ते तपासावं लागतं. त्यासाठी पूर्ण चिप लागत नाही. बँडगॅप, त्याचं स्टार्टअप सर्किट आणि त्यावरचा खरा लोड एवढं पुरतं.

तुमच्या पूर्ण चिपच्या सिम्युलेशनमध्ये कोणते मोड घेतले आणि कोणते वेळेअभावी सोडले, ते जरूर लिहा. सोडलेल्यांची यादी मला जास्त महत्त्वाची वाटते.