काचेतला कूलर

कूलरच्या ताट्या बदलायला आलेल्या माणसाने माझ्या संगणकाची दुरुस्ती करून त्याचे वेगळे ५० रुपये लावले, या गोष्टीला आज चार दिवस झाले आणि ते ५० रुपये मला अजून बोचत आहेत. रक्कम बोचत नाही, तिची नोंद बोचते. आईने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेल्या हिशेबात ताट्या, पंप आणि मजुरी यांच्या खाली तिच्या ठसठशीत अक्षरांत एक ओळ आहे : ‘लहान कूलर – ५०’.

त्या लहान कूलरला मी गेमिंग पीसी म्हणतो. त्यात आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे रंगवणारा भाग, आहे. भर खेळात ते एकटे १७० वॅटपर्यंत वीज खाते, आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. कार्ड ९३ अंशांपर्यंत तग धरते असे ते बनवणारे सांगतात. परंतु त्याच्या बरेच आधी, ८३ च्या आसपास, ते आपला वेग आवरता घेऊ लागते आणि पडद्यावरचा शत्रू नेमका आपल्यावर नेम धरत असताना आपला शूर वीर अडखळायला लागतो. त्यात आमचे नागपूर. येथे मे महिन्यातले ४५ अंश ही बातमी नसते, ती नुसती एकमेकांची विचारपूस असते. पंखा कितीही फिरवला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कोठून? खोली एका अंशाने तापली की कार्डही जवळपास एका अंशाने चढते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, माझे कार्ड ८४ वर ठाण मांडून बसले होते.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. मार्चमध्ये कार्ड उघडून त्यातली, चिपची उष्णता बाहेर पोचवणारी पेस्ट बदलली. ती राखाडी पेस्ट पुढे तीन दिवस दाराच्या कडीपासून वरणाच्या डावापर्यंत घरात सर्वत्र सापडत होती. मग आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅमपुढे रात्री जागवून कार्डाचे व्होल्टेज ०.९ व्होल्टच्या आसपास उतरवले आणि सेकंदाला ६० चित्रांच्या वर जायचे नाही अशी तंबी दिली. एवढ्या तपश्चर्येने चार अंश उतरले. मग मी कॅबिनेटची, म्हणजे हे सगळे ज्यात बसते त्या पेटीची, बाजूची काचच काढून ठेवली, तेव्हा घरासमोर चाललेल्या सिमेंट रस्त्याचा निम्मा भाग आत येऊन बसला आणि काच परत चढवावी लागली.

या कॅबिनेटविषयीही मला काही बोलायचे आहे. त्याच्या पुढच्या बाजूला अखंड काच आहे आणि हवेसाठी म्हणून कडेला दोन बोटांची फट ठेवली आहे. आत रंगीत दिवे नाचत असल्यामुळे ते दुकानात फार देखणे दिसते. जाळीचे तोंड असलेले कॅबिनेट त्याच्या शेजारीच, त्याहून स्वस्त, उभे होते. पण ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखे दिसते, असे मला सांगण्यात आले आणि मला ते पटले. माणसाचे नाक दाबून त्याला पळायला लावावे तसा हा प्रकार आहे, आणि तो ‘गेमिंग’ या शब्दाखाली चढ्या भावाने विकला जातो.

असो. रविवारी अकराच्या सुमारास कूलरवाले काका आले. साठीचे असावेत. आईने दिलेले ताक पिऊन ते खिडकीशी उकिडवे बसले आणि टाकीच्या तळाशी बोअरच्या पाण्याने साचवलेला पांढरा थर खरवडू लागले. मी त्यांच्याकडे पाठ करून खेळत होतो. कार्डाचे पंखे घोंगावत होते. थोड्या वेळाने खरवडण्याचा आवाज थांबला.

“हा कोणाचा कूलर जी?”

“तो कूलर नाही काका, कॉम्प्युटर आहे.”

“मंग पंखे काऊन लावले?”

“आतलं कार्ड गरम होतं, म्हणून.”

“म्हंजे कूलरच न.”

मी गप्प बसायला हवे होते. परंतु चूक दुरुस्त करण्याची मला खोड आहे, म्हणून मी खुर्ची फिरवली आणि संगणकाला पाणी लागत नसते, हे समजावू लागलो. तसे म्हणता म्हणता, काही महागड्या संगणकांत नळ्यांतून पाणी फिरवतात, हेही प्रामाणिकपणाच्या भरात बोलून गेलो. काकांचा चेहरा उजळला. “मंग? म्हणलं न,” असे ते आईला उद्देशून म्हणाले, आणि आईने मान डोलावली.

त्यानंतर ते कॅबिनेटजवळ येऊन, त्याच्याशी डोके भिडवून बसले. याची खिडकी कोणती, असे त्यांनी विचारले. कूलर कितीही मोठा लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर खोलीत फक्त चिकचिक होते. हवेला यायला एक दार लागते अन् जायला एक दार, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले. मी दुखावलो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, इथपर्यंतचे शास्त्र मी वाचून पाठ केले होते. पुढचे दोन पंखे हवा आत घेतात आणि मागचा एक बाहेर टाकतो, असे मी बोट दाखवून ऐकवले.

“हात लावून पाह्यला?”

मी हात लावून पाहिला नव्हता. मी आलेख पाहिले होते.

काकांनी आईकडे उदबत्ती मागितली. देव्हाऱ्यातली अर्धी जळालेली उदबत्ती घेऊन त्यांनी ती आधी मागच्या पंख्याजवळ धरली. धूर भिंतीकडे फेकला गेला. मग ती पुढच्या फटीशी आणली. धुराने आता वळून आत शिरावे, अशी माझी आणि शास्त्राची अपेक्षा होती. तो क्षणभर सरळ वर चढला, थरथरला आणि मग एकदम आडवा होऊन माझ्या चष्म्यावर आला.

“दोन्हीकून भाईरच फेकून रायला, साहेब. मंग आत कोन आनते?”

दिवाळीच्या साफसफाईत ते दोन पंखे मीच काढून परत बसवले होते. टेबलफॅनचे तोंड जिकडे, तिकडे वारा, हे बालपणापासूनचे ज्ञान वापरून मी त्यांची देखणी बाजू आत केली होती. संगणकाच्या पंख्याचे उलटे असते : मोकळी, देखणी बाजू हवा ओढते, आणि मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या जिकडे असतात तिकडून तो ती फेकतो. चौकटीच्या कडेला बाणही कोरलेला आहे, तो मी रविवारी पाहिला. सहा-सात महिने माझे तिन्ही पंखे एकमुखाने हवा बाहेर हाकलत होते आणि कार्ड बिचारे फटींतून मिळेल ती सिमेंटमिश्रित हवा खात होते.

“मला वाटलं, ते तसंच असतं,” आई म्हणाली. “थंडीत इडलीचं पीठ मी त्याच्या पुढ्यातच ठेवत होते. काय फुगायचं!”

“मग सांगितलं का नाहीस?”

“त्याच्याजवळ जाऊ नकोस, असं तूच बजावलं होतंस.”

काकांनी आठ स्क्रू काढले, ज्या स्क्रूड्रायव्हरने नुकताच कूलरचा थर खरवडला होता त्यानेच, आणि पाती खांद्यावरच्या ओल्या दुपट्ट्याने पुसली. ते मला पाहवले नाही. पण थांबवण्याचा नैतिक अधिकार मी उदबत्तीबरोबरच गमावला होता. पंखे फिरवून बसवले. अर्धा तास खेळून पाहिले, तर कार्ड ७५ वर थांबले. पेस्ट, व्होल्टेज आणि रात्रीची जागरणे यांचे मिळून चार अंश. एका उदबत्तीचे नऊ. कॅबिनेट आता सरळ कूलरच्या झोतात ठेवू का, असे मी आज्ञाधारकपणे विचारले, तर ते म्हणाले, “पाण्याचे थेंब उडते न. मेला म्हंजे मी नाई.” मी ते खरोखर पुढच्या आठवड्यात करणार होतो.

खोलीतली उष्णता मात्र एका वॅटनेही कमी झालेली नाही. कार्ड ८४ वर असो की ७५ वर, त्याने खाल्लेले वॅट शेवटी माझ्याच अंगावर येतात. थंड झाले ते कार्ड. मी पूर्वीसारखाच बनियनवर बसतो आणि खुर्चीला चिकटतो, आणि वीजबिलात दोन्ही कूलर मीच भरतो.

पंख्याला २५ या दराने काकांनी दोन पंख्यांचे ५० घेतले आणि जाता जाता एका सीझनची गॅरंटी दिली. जिन्यात त्यांना खालच्या मजल्यावरचे काका भेटले असावेत, कारण काल संध्याकाळी ते मला फाटकाशी अडवून विचारत होते की, तो दिव्यांचा काचेचा कूलर कुठून आणला आणि खोली कशी काय थंड करतो.

मी म्हणालो, बरा आहे, आणि पाणी भरावे लागत नाही.