वॉकरने बाळ लवकर चालतं म्हणे! त्या मेसेजचं जरा बघू

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. सार एवढंच, की बाळ सहा महिन्यांचं झालं की वॉकर आणा, बाळ लवकर चालतं, पाय मजबूत होतात, वॉकरमध्ये ते सेफ राहतं आणि आईची कामं उरकतात, मोठं माणूस जवळ असलं की काही होत नाही, परदेशात तर सगळेच वापरतात, आणि शेवटी नेहमीची फोडणी, आपल्या आज्यांनी पांगुळगाडा दिलाच होता ना. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी ते लवकर चालण्याचं. आयर्लंडमध्ये १९० बाळांचा एक अभ्यास झाला होता, २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलाय. त्यात दिसलं ते असं, की वॉकरमधला वेळ मिळून २४ तास भरले की त्यामागे एकट्याने चालणं साधारण ३.३ दिवस लांबतं. रोज तासभर ठेवलं तरी महिन्याच्या आत २४ तास भरतात. आता कोणी म्हणेल तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, नाहीच कोसळत, पण मग ते 'लवकर' गेलं कुठे?

आणि नीट बघा ना, बाळ वॉकरमध्ये चालत नसतंच. ते सीटवर लटकलेलं असतं आणि चवड्यांनी जमीन मागे ढकलत असतं, तोल सांभाळायचं काम सीट करते, पुढच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. चालणं येतं ते पालथं पडून, पोटावर सरकून, रांगून, दिवाण धरून उभं राहून, धपकन बसून परत उठण्यातून. पाय मजबूत होण्याचंही तेच, वजन पायांवर आलंच नाही तर मजबूत कशाने होणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी बाळं साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही एकटी चालायला लागलेली आहेत, त्यामुळे शेजारचा दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपण दुकान गाठायचं कारण नाही. दीड वर्षाचं झालं तरी चालत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

आता 'सेफ', ज्यावर मला खरा राग आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे लागून इमर्जन्सीत आणलेल्या पंधरा महिन्यांखालच्या मुलांचा हिशोब २०१८ साली छापला गेला, आकडा निघाला २ लाख ३० हजारांच्या वर. त्यातली चारातली जवळपास तीन जिन्यावरून पडलेली, आणि नव्वद टक्के मुलांना मार डोक्याला किंवा मानेला. कारण साधं आहे, रांगणारं बाळ हळू असतं आणि खाली असतं, वॉकर त्याला उंची देतो आणि वेग देतो, अक्कल मात्र आठ महिन्यांचीच राहते.

"आमच्याकडे जिनाच नाही, फ्लॅट आहे." बरं. उंबरा आहे ना? चाक उंबऱ्याला अडलं की अख्खा वॉकर पुढे पालथा होतो. बाथरूम अर्धा वीत खाली असतं, तिथे बादली भरलेली, थंडीत त्यात रॉड लावलेला. टीपॉयवर पाहुण्यांचा चहा, टेबलक्लॉथचं लोंबणारं टोक, इस्त्रीची वायर, हे सगळं रांगणाऱ्या बाळाच्या हाताला सहसा लागत नाही, वॉकरमधल्याच्या बरोब्बर लागतं. गावाकडे ओटा नाहीतर पडवीच्या पायऱ्या असतात, शेगडी किंवा चूल जमिनीवर असली तर विचारूच नका. (भाजलंच तर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ पण नाही.)

जवळ माणूस असलं की झालं, हा मुद्दा तर अगदीच पोकळ. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त जाऊ शकतं, आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की वॉकरचे बहुतेक अपघात मोठं माणूस बघत असतानाच होतात. कढईकडे वळून परत मान फिरवेपर्यंत ते बाल्कनीच्या पायरीला पोचलेलं असतं.

परदेशात सगळे वापरतात म्हणे! कॅनडाने ७ एप्रिल २००४ पासून वॉकरची विक्री, आयात, जाहिरात सगळं बंद केलंय, जुना वापरलेला विकायलासुद्धा परवानगी नाही.

पांगुळगाड्याचं नाव तर त्यात उगाच गोवलंय. पांगुळगाडा बाळ उभं राहायला लागल्यावर देतात, ते स्वतःच्या पायांवर उभं असतं, मागून ढकलतं, हात सुटला की खाली बसतं, आणि त्यात बसवून कोणी स्वयंपाकाला जात नाही, कारण बसायला जागाच नसते. हां, गुळगुळीत टाइल्सवर तोही पुढे पळतो, त्यामुळे शेजारी बसूनच द्यायचा.

राहिलं आईची कामं उरकतात ते, आणि मेसेजमधलं खरं एवढंच आहे. बाळ मोकळं असलं की कुकरसुद्धा लावता येत नाही, हे मान्य. पण त्याला बिनचाकांचं काहीही चालतं: जाळीचा प्लेपेन (बाळाला आत खेळायला ठेवायचं कुंपण), नाहीतर जमिनीवर सतरंजी, वाट्या-डबे, आणि स्वयंपाकघराच्या दाराला आडवं फाटक. घरात बाबा नावाची व्यक्ती पण असते, तिला चाकं लावायची गरज नसते.

बारशाला कोणी वॉकर आणणार असेल तर आधीच फोन करून सांगा, गोधडी आणा म्हणावं. आणि माळ्यावर जुना पडलेला असेल तर नणंदेला, कामवाल्या मावशींना देऊ नका, चाकं काढा, सीट कापा आणि मगच भंगारवाल्याला घाला.