ओळखीचा नको, रोज हेच करणारा डॉक्टर हवा

परवा सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा २ वर्षांचा झाला, पण त्याचं डावं वृषण अजून खाली उतरलेलं नाही. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, ‘मोठा झाला की उतरेल, एवढ्याशा पोराची चिरफाड कशाला?’ मेव्हण्यांना ओळखीच्या मुतखड्याच्या डॉक्टरांकडे जायचंय. बहीण विचारते, ‘ताई, तुमच्याकडे इंग्लंडात काय करतात?’

इथे डॉक्टर निवडणं आईबापांच्या हातात फारसं नसतंच. जन्मानंतर ७२ तासांत आणि पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी बाळाचे डोळे, हृदय, खुबे तपासतात, मुलगा असेल तर वृषणंही. माझ्या लेकाचं तिथेच कळलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी दिली. ना ओळख काढावी लागली, ना पैसे मोजावे लागले. थांबावं मात्र फार लागलं. वर्षाच्या आत व्हायला हवी होती ती शस्त्रक्रिया पंधराव्या महिन्यात झाली. सांगलीत असते तर आठवड्यात उरकलं असतं, या विचाराने मी रडलेही आहे.

त्यामुळे इंग्लंडातलंच सगळं चांगलं, असं मी बहिणीला सांगितलं नाही. आईला मात्र स्पष्ट सांगितलं. आपोआप उतरायचं ते बहुधा ६ महिन्यांपर्यंत उतरतं. पुढे आशा फार थोडी. वृषणाला अंगापेक्षा थोडा थंडावा लागतो. आतल्या उबेत राहिलं तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मेव्हण्यांची समजूत काढणं जास्त अवघड गेलं. त्यांचे डॉक्टर चांगलेच आहेत, पण त्यांचे पेशंट पन्नाशीचे. मुलांचं हे काम आपल्याकडे मुख्यतः पीडियाट्रिक सर्जन करतात, एम.एस.नंतर एम.सीएच. ही मुलांच्या शस्त्रक्रियांची पुढची पदवी घेतलेले. तेव्हा पाटी वाचून थांबू नका, विचारा. वर्षाला अशा किती मुलांची शस्त्रक्रिया करता? वृषण हाताला लागलंच नाही तर दुर्बिणीने शोधता का? भूल कोण देणार, आणि ते लहान मुलांना नेहमी देतात का? हा शेवटचा प्रश्न आपण विचारतच नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरही विसंबू नका. काही मुलांचं वृषण थंडीने वर चढतं आणि कोमट पाण्यात बसवलं की खाली येतं. त्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं. हा फरक सराईत हातालाच नीट कळतो.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. भाच्याला लसींसाठी कितीदा तरी दवाखान्यात नेलं, पण एकदाही कुणी लंगोट सोडून पाहिलं नाही. कुठला डॉक्टर मोठा यावर घरात तावातावाने वाद झाले, पण बघायचं कुणी आणि कधी, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

पुण्यातल्या पीडियाट्रिक सर्जनची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. आईही सोबत जाणार आहे. बहिणीची जाऊ महिन्याभरापूर्वी बाळंत झाली, मुलगाच आहे. तिलाही फोन केला: दीड महिन्याच्या लसीला जाशील तेव्हा लंगोट सोडून दाखव, आणि दोन्ही खाली आहेत का, ते तोंडाने विचार.