निफाडची थंडी मे महिन्यात कामाला येत नाही

‘नाशिक थंड हवेचं, म्हणून थंड देशांतले माळी उन्हाळ्यात पालेभाजी सांभाळतात तशीच इथेही सांभाळा,’ असा एक संदेश आठवडाभरात मला चार जणांनी पाठवला. त्यातले सल्ले असे: पालक उन्हाळ्यात फुलावर येतो, लावू नका. बाकी पालेभाज्यांना दिवसभर ऊन द्या. दुपारी पाणी घालू नका, थेंब भिंगासारखे पान जाळतात. फुलावर आलेल्या रोपाचा शेंडा खुडा, पुन्हा पाला धरतो.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा घसरलेला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो हे खरं. पण त्याच निफाडात मे महिन्यात तो चाळिशीला टेकतो.

पालकाची गंमत वेगळीच आहे. तिकडचा ‘स्पिनॅच’ म्हणजे आपला पालक नव्हे. आपला देशी पालक बीटाच्याच प्रजातीतला. बी हातात घेऊन बघा, बीटासारखंच खडबडीत बोंड असतं आणि एकातून दोन-तीन कोंब येतात. स्पिनॅच फुलावर येतो तो मुख्यतः लांबलेल्या दिवसामुळे. दिवस 14 तासांच्या पुढे गेला की त्याला घाई होते. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा, नाशकात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे तिकडचं कारण इथे लागूच नाही. आपल्याकडे कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात ते थंडीने, हे कुठलाही कांदेवाला सांगेल. प्रत्येक पिकाचं फुलावर येण्याचं कारण निराळं. ‘ऑल ग्रीन’सारखा देशी पालक सावली आणि ओल मिळाली तर उन्हाळ्यातही कापणीला येतो. पानं थोडी लहान राहतात, एवढंच.

दिवसभर ऊन? लंडनमध्ये भर जूनमध्येही दुपारचा सूर्य 62 अंशांच्या वर चढत नाही. नाशकात मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास तो थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यात गच्चीचा स्लॅब खालून भाजतो. सकाळचं ऊन पुरे. अकरानंतर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट ओढा आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवा. दिवसभराचं ऊन सोसणारी भाजी हवी असेल तर माठ, तांदुळजा, घोळ लावा. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात उन्हाळ्यात काय जास्त दिसतं ते आठवा, म्हणजे बियाण्याची यादी आपोआप होईल.

भिंगाची गोष्ट मीही लहानपणी ऐकलीय. 2010 साली हंगेरीतल्या संशोधकांनी ती तपासली. गुळगुळीत पानावर थेंब बसले तरी पान भाजलं नाही. लवेवर तरंगणाऱ्या थेंबांचीच काय ती शक्यता निघाली. पाणी सकाळी द्यावं ते वाफेत कमी उडतं म्हणून. पण दुपारी रोप मान टाकून बसलं आणि बोटभर खोल मातीही कोरडी लागली, तर संध्याकाळची वाट बघू नका. माती ओली असेल तर मात्र हात आवरा, ऊन उतरलं की रोप आपणच उभं राहतं.

शेंडा खुडण्याचा सल्ला माठ-राजगिऱ्याला बरोबर आहे, फांद्या फुटतात. लेट्यूसला अजिबात नाही. त्याचा दांडा वर सुटला की पानात कडू चीक येतो, तो खुडून जात नाही. शिवाय माती तिशीच्या वर तापली की त्याचं बी बहुधा रुजतच नाही. पाकीट कोरड्या डब्यात ठेवा, नोव्हेंबरात काढा.