रजेवर जाण्यापूर्वीच्या दोन ओळी

आज सकाळी गुहागरकडच्या एका गावातून पहिल्या एस.टी.ने आलेले आजोबा आमच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने परत गेले, आणि तेव्हापासून माझे कशात लक्ष लागलेले नाही. नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांना मुदत ठेव मोडायची होती. अर्ज आणि मूळ पावती गेल्याच आठवड्यात आमच्याकडे जमा झाली होती. परंतु ज्या सहकाऱ्याने ती घेतली तो कालपासून रजेवर, खणाला कुलूप आणि फोन बंद. प्रकरण मंजूर झाले की नाही, हे सांगू शकेल असा एकही माणूस कार्यालयात नव्हता. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी छत्री उघडली आणि ते स्टँडकडे चालू लागले.

रजा हा हक्क आहे आणि रजेवरच्या माणसाला फोन करून छळू नये, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तर निघण्यापूर्वी लिहून ठेवायचे असते.

चिपळुणातल्या पतसंस्थेत मी नवीन होते तेव्हाच्या आमच्या ताई आठवतात. रोज रोकड जुळली की त्या एका जुन्या वहीत 'राहिलेले' असा मथळा घालून लिहीत: काय अडले आहे, कागद कोठे आहे, कोणाला विचारायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. 21 जुलै 2021 च्या संध्याकाळी, पाऊस थांबायचे नाव घेत नसताना, त्यांनी त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवला: 'कर्जाच्या फाईली माळ्यावर चढवल्या. खालच्या कपाटात फक्त कोरे फॉर्म.' दुसऱ्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. पाणी ओसरल्यावर आम्ही पोटरीभर चिखलातून आत गेलो, तेव्हा ताई स्वतःच्या घरातला गाळ उपसत होत्या आणि फोन त्यांचाही लागत नव्हताच. तरीही आम्ही फुगून बसलेल्या कपाटाशी झटापट न करता सरळ माळ्याला शिडी लावली.

काहींना वाटते की माहिती आपल्यापाशीच राहिली की आपली किंमत राहते. मला या वृत्तीचा मनापासून संताप येतो. कोकण रेल्वेच्या रुळांवर पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त असते. पाळी संपली म्हणून दरडीखालची अवस्था पुढच्या माणसाला न सांगता कोणी घरी गेला, तर आपल्याला चालेल का? आपल्या हातून झालेली चूक लपवून ठेवणे आणि सोबत्याची चूक त्याच्याआधी साहेबांच्या कानावर घालणे, हेही त्याच जातीचे. एकमेकांना सहकारी म्हणवून घेतो आपण!

एक जागा रिकामी असल्यामुळे तो मुलगा दोघांचे काम एकटा ओढतो, हे खरे आहे. आणि लिहिता लिहिता हेही जाणवते आहे की ताईंनी मला शेजारी बसवून ती वही दाखवली होती. मी त्याला कधी दाखवली नाही. सोमवारी तो आला की रागावण्याआधी तेवढे करीन.

संध्याकाळी साहेबांकडच्या दुसऱ्या किल्लीने खण उघडला. प्रकरणावर मंजुरीची सही झालेली होती. आजोबांना फोन केला; ते शुक्रवारी येणार आहेत. त्या दिवशी मी रजेवर आहे, म्हणून पाकीट कोठे आहे आणि पैसे कोणी द्यायचे, हे काउंटरवरच्या वहीत लिहून, शेजारच्या दोघींना वाचून दाखवूनच मी निघाले.