वॅट म्हणजे आवाज नाही, स्पीकर घेण्याआधी हे वाचा

गणपती जवळ आले की दरवर्षी एक मेसेज फिरतो, यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. त्यात लिहिलंय, साउंड सिस्टीम घेताना एवढंच बघा: जास्त वॅट म्हणजे जास्त आवाज, मागचं मॅग्नेट जेवढं जड तेवढा बेस, बॉक्स नुसता शोभेचा असतो, आणि ॲम्प्लीफायर छोटा ठेवला की स्पीकर जळायची भीतीच नाही. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि लोक यावर विश्वास ठेवून वर्गणीचे पैसे घालवतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्पीकर करतो काय ते बघू. मॅग्नेटच्या बारीक फटीत तारेचं एक वेटोळं असतं, त्याला व्हॉइस कॉइल म्हणतात, त्यातून गाण्याचा करंट गेला की ते पुढेमागे ढकललं जातं, त्याला चिकटवलेला कोन त्याच्याबरोबर हलतो आणि हवा ढकलतो. बस एवढंच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी 1925 ला जी रचना मांडली तीच थोड्याफार फरकाने आजही आपल्या टीव्हीत, रिक्षात, मंडळाच्या टॉपमध्ये (बेसच्या बॉक्सवर ठेवतात त्या स्पीकरमध्ये) आहे. म्हणजे स्पीकरचं काम हवा हलवणं, आणि वॅट म्हणजे आत किती वीज गेली, बाहेर किती आवाज आला ते नाही.

आता वॅट. घरच्या स्पीकरमध्ये आत गेलेल्या विजेचा बऱ्याचदा एक टक्कासुद्धा आवाज होत नाही, बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. त्यामुळे बघायचा आकडा वेगळाच, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॅट दिला तर 1 मीटरवर किती डेसिबल मिळतात. हिशोब करून बघा. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, दहापट केले की 10, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला ते 10 डेसिबल लागतात. म्हणजे 86 डेसिबलवाल्या स्पीकरला 100 वॅट दिले तर 106 होतात आणि 96 डेसिबलवाल्याला नुसते 10 वॅट दिले तरी 106 च होतात! दुकानात हा आकडा कोणी विचारतच नाही.

त्यात ते पीएमपीओ, म्हणजे खोक्यावर छापलेला क्षणभराच्या कमाल पॉवरचा आकडा. आमच्या शेजारच्या काकांनी 5000 वॅट लिहिलेला होम थिएटर आणला, मी मागचं स्टिकर दाखवलं, त्यावर वीज किती घेतो ते लिहिलं होतं 60 वॅट. भिंतीतून 60 घेणारं यंत्र सतत 5000 देणार कुठून? खरे 5000 वॅट ओढायचे तर 230 व्होल्टला 21 अँपिअरच्या वर करंट लागेल आणि घरातलं साधं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नाही त्यामुळे कंपनी वाटेल ते छापू शकते, आरएमएस विचारा, म्हणजे सतत देता येणारी खरी पॉवर.

मॅग्नेटचं थोडक्यात. कॉइलला ढकलणारा जोर फटीतल्या चुंबकीय क्षेत्रावर आणि तारेच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. निओडिमियमचं मॅग्नेट हलकं असून जड फेराइटएवढं काम करतं. उलट जोर फार वाढवला तर त्याच बॉक्समध्ये खालचा बेस मिडच्या (मधल्या सुरांच्या) मानाने कमी वाटू शकतो, कारण कोनावरचा ब्रेकही त्याबरोबर वाढतो.

बॉक्सबद्दल जे लिहिलंय त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. कोन पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते, बॉक्स नसेल तर समोरची हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. 100 हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे आठ इंची कोनाचा वळसा म्हणजे काहीच नाही, म्हणून बेसच आधी गायब होतो. घरी करून बघा, एखादा सुटा स्पीकर हातात धरून गाणं लावा, मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडून त्यावर नीट दाबून धरा, लगेच आवाज भरतो. बंद बॉक्समधली हवा तर स्प्रिंगसारखी कोनाला मागे खेचते, एडगर व्हिलचर यांनी 1954 च्या सुमारास याच हवेच्या स्प्रिंगवर छोट्या खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. आणि पुढे भोक असलेल्या बॉक्समध्ये भोकाची लांबी-रुंदी आणि आतली जागा मोजूनच ठरवावी लागते, सुताराने अंदाजे केलेला बॉक्स घेतला की पैसे पाण्यात.

शेवटचं छोट्या ॲम्पचं, हे सगळ्यात महागात पडतं. ॲम्प त्याच्या ताकदीपलीकडे वाढवला की लाटेची डोकी कापली जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीत दुप्पट पॉवर जाते. बेस ॲम्पच्या मर्यादेला अडतो पण वरचे सूर वाढतच राहतात, त्यांचा मार ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) केसासारख्या तारेवर पडतो. गेल्या वर्षी आमच्या मंडळाचे दोन ट्वीटर विसर्जनाच्या आदल्या रात्री असेच गेले, ॲम्पवरचा क्लिपचा लाल दिवा संध्याकाळपासून पेटलेला होता आणि तो कशाचा हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. यंदा जो कोणी ॲम्पपाशी बसेल त्याला आधी तो दिवा दाखवा, लुकलुकला की आवाज कमी करायचा.